कालबद्ध धावचाचणी

ठराविक वेळात व्यक्ती किती अंतर धावते किंवा ठराविक अंतर किती वेळात धावते, हे मोजून तिच्या हृदयाची, फुप्फुसांची व स्नायूंची दीर्घकाळ श्रम करण्याची क्षमता अजमावण्याच्या पद्धतीस कालबद्ध धावचाचणी म्हणतात. हिचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात काळ निश्चित असतो व अंतर मोजले जाते; १२ मिनिटांची कूपर चाचणी हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. दुसऱ्यात अंतर निश्चित असते व काळ मोजला जातो; २.४ किमी., १.६ किमी. व शालेय वयोगटासाठी ६०० मी. या चाचण्या या प्रकारात मोडतात. मोजलेले मैदान, घड्याळ व नोंदवही एवढ्या साधनांवर शेकडो व्यक्तींची चाचणी एका दिवसात घेता येत असल्यामुळे सैन्यदले, पोलीस, वनखाते, शाळा व क्रीडासंस्था यांनी ती जगभर स्वीकारली. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव यांसारख्या ग्रामीण तालुक्यांतील तरुणांना या चाचणीचा परिचय होतो, तो मुख्यत्वे शासकीय भरतीच्या निमित्ताने. शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळेत उगम पावलेले एक मापन उपजीविकेचे प्रवेशद्वार कसे बनले व त्या स्थित्यंतरात त्याच्या स्वरूपात कोणता बदल झाला, हा या विषयाच्या इतिहासातील महत्त्वाचा भाग आहे.

शरीरशास्त्रीय आधार : मनुष्य विश्रांतीत असताना शरीराच्या दर किग्रॅ. वजनामागे दर मिनिटास सु. ३.५ मिलि. ऑक्सिजन वापरतो. धावण्याचा वेग वाढत जातो तसा हा वापरही वाढतो. परंतु एका मर्यादेनंतर वेग वाढविला, तरी ऑक्सिजनाचा वापर वाढत नाही. या मर्यादेस कमाल ऑक्सिजन ग्रहणक्षमता म्हणतात. हृदय दर मिनिटास किती रक्त पुढे ढकलते आणि त्या रक्तातून स्नायू किती ऑक्सिजन काढून घेतात, या दोहोंच्या गुणाकारावर ती अवलंबून असते. ऑक्सिजनाच्या साहाय्याने ऊर्जा निर्माण करून दीर्घकाळ श्रम करण्याच्या या शक्तीलाच व्यवहारात एरोबिक क्षमता म्हणतात. अत्यंत जोराच्या व अल्पकाळाच्या श्रमात मात्र स्नायू ऑक्सिजनाविनाही ऊर्जा निर्माण करतात. त्यामुळे धाव जितकी आखूड, तितका तीत या दुसऱ्या मार्गाचा वाटा अधिक असतो. १०० मी. धावेत तो प्रधान असतो; सु. ५ ते ६ मिनिटे चालणाऱ्या धावेत बहुतांश ऊर्जा ऑक्सिजनाच्या मार्गाने मिळत असली, तरी दुसऱ्या मार्गाचा वाटा दुर्लक्षणीय नसतो. १२ मिनिटांच्या धावेत तो बराच घटतो. अंतराची निवड ही केवळ सोयीची बाब नसून, नेमके काय मोजले जाणार हे तीवरून ठरते.

प्रयोगशाळेतून मैदानाकडे : कमाल ऑक्सिजन ग्रहणाची कल्पना ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिक आर्चिबॉल्ड व्हिव्हिअन हिल (१८८६–१९७७) यांनी मांडली. सी. जी. डग्लस यांनी १९११मध्ये उच्छ्वासाची हवा साठविण्यासाठी पिशवी तयार केली होती. ती पाठीवर बांधून मैदानावर धावणाऱ्या व्यक्तीची उच्छ्वासित हवा गोळा करण्याचे प्रयोग हिल व त्यांचे सहकारी हार्टले लप्टन यांनी मँचेस्टर येथे केले. धावणाऱ्यांत स्वतः हिलही असत. या संशोधनावरील निबंध १९२३मध्ये प्रसिद्ध झाला. स्नायूंतील उष्णतानिर्मितीविषयीच्या कार्याबद्दल हिल यांना ओटो मायरहोफ यांच्यासमवेत १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रयोगशाळेतील ही पद्धत अचूक असली, तरी खर्चिक व वेळखाऊ होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मोठ्या संख्येने सैनिकांची पारख करण्याची निकड निर्माण झाली, तेव्हा हार्व्हर्ड विद्यापीठात ल्यूसिअन ब्रूहा यांनी पायरीवर चढउतार करून नाडीचे ठोके मोजण्याची चाचणी प्रसृत केली (१९४३). धावण्याच्या वेगावरून ऑक्सिजन ग्रहणाचा अंदाज बांधता येतो, हे ब्रूनो बाल्के यांनी १९६३मध्ये १५ मिनिटांच्या धावचाचणीद्वारे दाखविले. अमेरिकी वायुदलातील वैद्य केनेथ कूपर यांनी हा काळ १२ मिनिटांवर आणला. वायुदलातील ११५ पुरुषांचे १२ मिनिटांत धावलेले अंतर व धावपट्ट्यावर प्रत्यक्ष मोजलेले ऑक्सिजन ग्रहण यांची तुलना करून, या दोहोंमधील सहसंबंध गुणांक सु. ०.९० असल्याचे त्यांनी १९६८मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्या समीकरणानुसार मीटरमधील अंतरातून ५०४.९ वजा करून बाकीस ४४.७३ने भागले असता, दर किग्रॅ. वजनामागे दर मिनिटास घेतल्या जाणाऱ्या ऑक्सिजनाचे मिलि. मिळतात. १२ मिनिटांत २,००० मी. धावणाऱ्याची क्षमता सु. ३३, २,४०० मी. धावणाऱ्याची सु. ४२, तर २,८०० मी. धावणाऱ्याची सु. ५१ मिलि. येते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एरोबिक्स या ग्रंथामुळे ही चाचणी सामान्य वाचकांपर्यंत पोहोचली. फ्रेंचभाषक कॅनडातील लुक लेजे यांनी १९८२मध्ये २० मी. अंतरावरील दोन रेषांमध्ये वाढत्या वेगाने ये-जा करण्याची चाचणी सुचविली. लहान जागेत घेता येत असल्याने तिचाही प्रसार झाला.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका : महाराष्ट्राच्या पारंपरिक व्यायामपद्धतीत दमाची पारख जोर, बैठका, मल्लखांब व कुस्ती यांवरून होत असे, ती संख्येची व झुंजीची पारख होती, घड्याळाची नव्हती. घड्याळ लावून दीर्घ अंतर धावण्याची प्रथा ब्रिटिश अमदानीतील लष्करी छावण्या, शाळा-महाविद्यालये व जिमखाने यांच्याद्वारे रुजली. या संदर्भात पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे (स्थापना १९०६) क्रीडामेळावे उल्लेखनीय ठरतात. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा (१८५९–१९३२) यांनी १९१९च्या सुमारास तेथील लांब पल्ल्याच्या शर्यती पाहिल्या. धावणारे बहुतेक शेतकरी वर्गातील तरुण असून ते अनवाणी धावत. शास्त्रशुद्ध प्रशिक्षण त्यांना मिळालेले नव्हते. तरीही त्यांनी नोंदविलेल्या वेळा यूरोपातील धावपटूंच्या वेळांशी तुलना करण्याजोग्या आहेत, असे टाटांच्या ध्यानात आले. याच निरीक्षणातून १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिक स्पर्धेस भारतीय खेळाडू पाठविण्याची कल्पना पुढे आली. तेथे तत्कालीन मुंबई इलाख्यातील बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन शर्यतीत १९वे आले, सु. ४२.७५ किमी.चे अंतर त्यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पार केले. पुढे १९२७मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली व टाटा तिचे पहिले अध्यक्ष झाले.

डेक्कन जिमखान्यावरील या शर्यती शरीरशास्त्रीय चाचण्या म्हणून घेतल्या जात नव्हत्या. तथापि त्यांमागील तत्त्व तेच होते. अंतर व वेळ यांची काटेकोर नोंद केली, की पुण्याच्या मैदानावरील शेतकऱ्याची यूरोपातील धावपटूशी तुलना करता येते. त्यासाठी दोघांना एकत्र आणावे लागत नाही. ज्यांच्या क्षमतेची अन्यथा कोणी दखल घेतली नसती, अशा व्यक्तींना घड्याळाने प्रकाशात आणले. कालबद्ध धावेचा हा समतावादी गुण पुढील इतिहासातही दिसून येतो.

शारीरिक शिक्षणास शास्त्रीय पाया देण्याचे प्रयत्नही पुणे जिल्ह्यातच सुरू झाले. स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी १९२४मध्ये लोणावळे येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापून योगाभ्यासाच्या शरीरक्रियांचे प्रायोगिक मापन आरंभिले. स्वातंत्र्योत्तर काळात केंद्र शासनाने १९५९-६०पासून राष्ट्रीय शारीरिक क्षमता मोहीम राबविली. धावणे, उड्या व फेक यांची वयोगटानुसार मानके ठरवून ती पूर्ण करणाऱ्यांस प्रमाणित करणे, हे तिचे स्वरूप होते. अमेरिकेतील शालेय चाचण्यांत १९५०नंतरच्या दशकात ६०० यार्ड धाव-चाल समाविष्ट झाली व १९७६मध्ये तिला १२ मिनिटांसारखे दीर्घ पर्याय जोडण्यात आले. भारतात ‘खेलो इंडिया’ कार्यक्रमातील शालेय तपासणीत ९ वर्षांवरील मुलामुलींसाठी ६०० मी. धाव-चाल ठेवण्यात आली आहे.

भरतीतील धावचाचणी : महाराष्ट्रात या चाचणीचा सर्वाधिक व्यापक उपयोग शासकीय सेवांच्या भरतीत होतो. सैन्यभरतीत १.६ किमी. धाव हा शारीरिक चाचणीचा गाभा असून, ती ५ मिनिटे ३० सेकंदांच्या आत पूर्ण करणाऱ्यास धावेचे सर्वाधिक म्हणजे ६० गुण देण्याची पद्धत रूढ झाली. राज्याच्या पोलीस शिपाई भरतीत २०११च्या नियमांनुसार पुरुषांसाठी ५ किमी. व स्त्रियांसाठी ३ किमी. धाव होती. जून २०१४मध्ये मुंबईत या भरतीच्या वेळी ५ किमी. धावल्यानंतर काही उमेदवारांचा मृत्यू झाला. उन्हाळी हवा, आर्द्रता आणि उमेदवारांचा प्रवास, निवास व आहार यांची आबाळ यांविषयी त्या वेळी तीव्र चर्चा झाली व शासनाने अंतर कमी केले. पुढे पोलीस शिपाई पदासाठी पुरुषांना १,६०० मी. व स्त्रियांना ८०० मी. असे अंतर निश्चित झाले. २०२२मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार शारीरिक चाचणीच्या एकूण ५० गुणांपैकी या धावेस २०, तर १०० मी. धाव व गोळाफेक यांस प्रत्येकी १५ गुण आहेत. राज्य राखीव पोलीस दलासाठी मात्र ५ किमी. धाव कायम ठेवण्यात आली. जून २०२४मध्ये नवी मुंबई येथे या चाचणीच्या वेळीही एका उमेदवाराचा मृत्यू झाला.

अंतर घटविल्याने दीर्घकाळच्या उष्माघाताचा धोका कमी झाला, तथापि चाचणीचा आशयही बदलला. १,६०० मी. धाव दमाबरोबरच वेगाचीही कसोटी घेते आणि ८०० मी. धावेत वेगाचा वाटा आणखी वाढतो. शिवाय या दोन अंतरांवरून पुरुष व स्त्रिया यांची जी क्षमता मोजली जाते, ती पूर्णतः एकाच जातीची नसते.

जुन्नर व आंबेगाव : या दोन तालुक्यांची भूरचना धावचाचणीच्या मर्यादा समजून घेण्यास उपयुक्त आहे. त्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या मुख्य रांगेत मोडतो. जुन्नर तालुक्यात नाणेघाट व माळशेज घाट, तर आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेस भीमाशंकरचा डोंगराळ प्रदेश आहे. येथे पर्जन्यमान भरपूर असून महादेव कोळी व ठाकर या आदिवासी जमातींची वस्ती आहे. पूर्वेकडे नारायणगाव, मंचर या बाजूस कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या खोऱ्यांत सपाट, बागायती जमीन आढळते. सातवाहनकाळापासून वापरात असलेल्या नाणेघाटाने कोकणातील माल डोक्यावरून व जनावरांच्या पाठीवरून देशावर चढविला जाई. अशा प्रदेशात श्रमशक्तीचा अर्थ ओझ्यासह चढ चढणे व दिवसभर चालणे हा असतो. सपाट मैदानावरील १,६०० मी.ची धाव या शक्तीचे केवळ एक अंग मोजते. चढ चढताना लागणारा ऑक्सिजन अधिक असला, तरी वेग कमी असतो. त्यामुळे डोंगराळ वाडीतील काटक व्यक्ती वेगाने धावण्याचा सराव नसल्यास सपाट मैदानावर मागे पडू शकते. याउलट कमाल ऑक्सिजन ग्रहणक्षमता तुलनेने कमी असूनही काटकसरीने पावले टाकणारा सरावलेला धावपटू पुढे जातो.

या संदर्भात वनखात्याची पद्धत लक्षणीय आहे. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर हे तालुके जुन्नर वनविभागात येतात. धरणांच्या कालव्यांमुळे वाढलेल्या उसाच्या क्षेत्रात बिबट्यांनी आश्रय घेतल्याने मनुष्य व बिबट्या यांच्यातील संघर्षासाठी हा विभाग राज्यात ओळखला जातो. जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट्या निवारा केंद्र आहे. रात्रीची गस्त, शेतांतील शोध व डोंगरातील पायपीट हे येथील वनरक्षकाचे नित्याचे काम होय. वनरक्षक भरतीत पुरुषांसाठी ५ किमी. व स्त्रियांसाठी ३ किमी. धाव असून, शेवटच्या टप्प्यावर पुरुषांना २५ किमी. व स्त्रियांना १६ किमी. अंतर ४ तासांत चालून पूर्ण करावे लागते. धावेमुळे उमेदवारांची गुणानुक्रमे प्रतवारी होते, तर चालण्यामुळे प्रत्यक्ष कामाशी मिळतीजुळती सहनशक्ती पडताळली जाते. चाचणी व काम यांची सांगड घालण्याचा हा एक विचारपूर्वक प्रयत्न म्हणता येईल.

पोलीस भरतीतील निकष जिल्हाभर सारखेच असले, तरी पूर्वतयारीची साधने सारखी नसतात. चारशे मीटरचे आखलेले मैदान, प्रशिक्षक व पुरेसा आहार शहरालगतच्या उमेदवारास तुलनेने सहज मिळतो. खेड्यातील उमेदवाराचा सराव बहुधा पहाटेच्या रस्त्यावर होतो. रस्त्याचा चढउतार व अंदाजाने ठरविलेले अंतर यांमुळे त्याने नोंदविलेली वेळ प्रत्यक्ष चाचणीतील वेळेशी जुळत नाही. पावसाळ्यात पश्चिम भागातील मैदाने चिखलमय होत असल्याने सरावात खंड पडतो. काही सेकंदांच्या फरकाने गुण बदलत असल्यामुळे या बाबींचे महत्त्व वाढते. वेळेच्या नोंदीत हेराफेरी होऊ नये म्हणून अलीकडे उमेदवाराच्या अंगावरील इलेक्ट्रॉनिक चकतीद्वारे वेळ नोंदविण्याची पद्धत सुरू झाली आहे. तिच्यामुळे घड्याळ निःपक्षपाती झाले. तयारीतील विषमता मात्र तिने दूर होत नाही.

मूल्यमापन व मर्यादा : धावचाचणीवरून मिळणारा ऑक्सिजन ग्रहणाचा आकडा हा अंदाज असतो, प्रत्यक्ष मापन नव्हे. सहसंबंध गुणांक ०.९० असला, तरी व्यक्तीव्यक्तींतील फरकाचा सु. एक-पंचमांश भाग त्याने स्पष्ट होत नाही. कूपर यांचे समीकरण अमेरिकी वायुदलातील पुरुषांवर आधारलेले असल्याने स्त्रिया, मुले व भिन्न शरीरबांध्याचे लोक यांना ते जसेच्या तसे लागू करणे योग्य नाही. धावणाऱ्याची जिद्द, आरंभीचा वेग राखण्याचे कौशल्य, वजन, हवामान व मैदानाचा पृष्ठभाग यांचाही निकालावर परिणाम होतो. म्हणूनच निरनिराळ्या दिवशी निरनिराळ्या मैदानांवर घेतलेल्या चाचण्यांची तुलना सावधगिरीने करावी लागते.

ही कमाल प्रयत्नाची चाचणी असल्याने तिच्यात धोकाही संभवतो. सराव नसलेल्या व मध्यमवयीन व्यक्तींनी आधी काही आठवडे क्रमाक्रमाने व्यायाम वाढवावा आणि मगच चाचणी द्यावी, असा सल्ला पुढे स्वतः कूपर यांनीही दिला. चाचणीपूर्वी वैद्यकीय तपासणी, शरीर तापविण्याचे सौम्य व्यायाम, पहाटेची वा सायंकाळची थंड वेळ, पिण्याचे पाणी, मैदानावर वैद्य व रुग्णवाहिका आणि धावेनंतर एकदम न थांबता सावकाश चालत राहणे, या बाबी आवश्यक मानल्या जातात.

व्यक्तीने स्वतःच्या प्रगतीचा आढावा घेण्यासाठी ही चाचणी दिल्यास तिचे दोष गौण ठरतात. कारण तेथे तुलना स्वतःच्याच मागील नोंदीशी असते आणि बरे नसल्यास थांबता येते. भरतीच्या मैदानावर थांबणे म्हणजे संधी गमावणे होय. शरीराने दिलेला इशारा मानावा की धावत राहावे, हा निर्णय तेथे आर्थिक परिस्थितीच्या दडपणाखाली घेतला जातो. २०१४ व २०२४मधील दुर्घटनांचा विचार करताना अंतराइतकेच हे दडपणही लक्षात घ्यावे लागते. समान अंतर व समान घड्याळ ही या चाचणीची न्याय्यता आहे. सरावासाठी मोजलेली मैदाने तालुक्याच्या गावी उपलब्ध होणे, चाचणीची तारीख पुरेशी आधी कळणे आणि आजारी उमेदवारास दुसरी संधी मिळणे, यांची जोड लाभली तरच ती न्याय्यता पूर्णत्वास जाते.